अँटेनाची केबल जमिनीखालून नेताना

नोकरीसाठी चंदीगडच्या आयटी पार्कात आलात, पंचकुला किंवा मणिमाजऱ्याकडे अंगण असलेलं घर मिळालं आणि हाताशी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना असला, की पहिला प्रश्न येतो तो केबलचा. अँटेना अंगणाच्या टोकाला, रेडिओ खोलीत. केबल हवेतून नेली तर उन्हात तडकते, हिरवळीवर टाकली तर माळ्याच्या यंत्राखाली सापडते. राहिला जमिनीखालचा रस्ता. घर भाड्याचं असेल तर खोदण्याआधी मालकाला विचारून घ्यावं. गॅसची किंवा पाण्याची लाईन कुठून जाते हेही त्यांनाच माहीत असतं.

आधी केबल ठरवावी, पाईप नंतर. अँटेनाला जाते ती कोअॅक्स केबल: मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती प्लास्टिक, त्यावर जाळी आणि सगळ्यात वर काळं आवरण. बारीक आरजी-58 स्वस्त पडते, पण 144 मेगाहर्ट्‌झला 30 मीटर अंतरात जेमतेम पाव शक्ती पलीकडे पोचते. तेवढ्याच अंतरात आरजी-213 जवळपास निम्मी पोचवते, एलएमआर-400 त्याहून बरीच जास्त. चर एकदाच खोदायचा असतो, म्हणून इथे काटकसर करू नये.

आता पाईपचा व्यास. इथे बहुतेकांचं गणित चुकतं, कारण ते केबलची जाडी मोजतात. नियम असा, की तीन किंवा जास्त केबली असतील तर पाईपच्या आतल्या जागेपैकी 40 टक्क्यांहून अधिक भरू नये. दोन आरजी-213 आणि अँटेना फिरवणाऱ्या मोटरची एक केबल, प्रत्येकी साधारण 10 मिमी जाड, असा हिशेब केला तर आतून 28 मिमीचा पाईप पुरतो. कागदावर. प्रत्यक्षात केबलच्या टोकाला पीएल-259 कनेक्टर असतो आणि तो 18-19 मिमी रुंद. आत तीन केबली पडलेल्या असताना चौथी ओढायला गेलं, की हा कनेक्टर वाटेतच अडतो. म्हणून आतून किमान 50 मिमी हवेत.

दुकानात मात्र पाईप सहसा बाहेरच्या मापाने विकतात. 63 मिमी मागितला तर आतून साधारण 50 मिळतो, 50 मागितला तर आतून 40 सुद्धा मिळेलच असं नाही. टेप खिशात असू द्यावी.

प्रकारांपैकी माझी पसंती डीडब्ल्यूसी पाईपला: बाहेरून कड्यांचा, आतून गुळगुळीत, एचडीपीई प्लास्टिकचा. तो गुंडाळीत मिळतो, त्यामुळे अंगणाएवढ्या अंतरात जोड लागत नाही. पांढरा पीव्हीसी चालतो, पण दर तीन मीटरला जोड येतो आणि सॉल्व्हंट सिमेंट नीट न लावलेला प्रत्येक जोड पुढे मातीला वाट देतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीत हे जास्त जाणवतं; पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ती माती जोड हलवून सोडते. लोखंडी पाईपची गरज नाही. केबलची जाळीच बाहेरचा गोंगाट थोपवते, आणि लोखंड गंजतं ते वेगळंच.

खोली 45 ते 60 सेंमी पुरे. वळणं मोठ्या त्रिज्येची ठेवावीत. नळकामातला काटकोनी एल्बो इथे वापरूच नये, त्यात केबल अडकते आणि जोर लावला की आतून दबते. दोन टोकांमध्ये चार काटकोनांएवढी वळणं झाली, तर मध्ये एक झाकणाचा चेंबर बांधावा.

पाण्याचं काय? चंदीगडला वर्षाला साधारण 1100 मिमी पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबरमध्ये. पण पाईप दोन्हीकडून कितीही घट्ट बंद केला तरी आतल्या हवेतली वाफ थंड होऊन थेंब धरतेच. म्हणजे पाणी येणार हे गृहीत धरून ते बाहेर कसं जाईल ते पाहावं. पाईपला मीटरमागे एक सेंमी उतार द्यावा, सगळ्यात खालच्या जागी तळाला दोन-तीन भोकं पाडावीत आणि त्याखाली घमेलंभर खडी टाकावी. चर मध्येच खोल गेला असेल, तर खडी तिथेच. पाईपमध्ये जोडलेला कनेक्टर कधीही ठेवू नये; पाणी तिथूनच जाळीत शिरतं आणि मीटरभर आत चढतं. केबल अखंड हवी, आणि शक्य असेल तर जमिनीत पुरण्यासाठी बनवलेली, उदाहरणार्थ एलएमआर-400-डीबी.

घराच्या बाजूला पाईप भिंतीवर वर आणून मग आत घ्यावा, तोही बाहेरच्या बाजूला किंचित कललेला. मोकळ्या तोंडाला बारीक जाळी लावावी, नाहीतर उंदीर आत घर करतात. घरात शिरण्याआधी वीजरोधक बसवून त्याचं अर्थिंग घराच्या अर्थिंगला जाड तांब्याने जोडावं. घराची विजेची वायर याच पाईपमधून नेण्याचा मोह टाळावा.

शेवटचं काम सोपं, म्हणूनच राहून जातं. केबल ओढतानाच सोबत एक रिकामी नायलॉन दोरी आत सोडावी आणि दोन्ही टोकांना गाठ मारून ठेवावी, पुढची केबल तिच्याच जोरावर जाते. आणि माती लोटण्याआधी भिंतीपासूनचं अंतर टेपने दाखवत चराचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या भाडेकरूला कुदळ मारताना तो उपयोगी पडेल.