ठशाचे काँक्रीट आणि गोठणारे पाणी

कॅनडातील दक्षिण ऑन्टॅरिओ किंवा अमेरिकेतील मिनेसोटा या भागांतील उपनगरांत घरांच्या दारापुढे, गॅरेजपर्यंत जाणाऱ्या मोटारीच्या वाटेवर व मागील अंगणात दगडी फरसबंदीसारखी दिसणारी जमीन वारंवार दृष्टीस पडते. कोठे ती पाटीच्या दगडाची वाटते, कोठे विटांची, तर कोठे नदीतील गोट्यांची. जवळ जाऊन पाहिले असता हे दगड नव्हेत व विटाही नव्हेत, तर काँक्रीटच्या सलग थरावर उमटविलेली ती नक्षी आहे, हे ध्यानी येते. ओले काँक्रीट पुरते घट्ट होण्यापूर्वी त्यावर साचे दाबून ही फरसबंदी तयार करण्यात येते. इंग्रजीतील ‘स्टॅम्प्ड काँक्रीट’ या नावाला येथे ‘ठशाचे काँक्रीट’ हा पर्याय योजिला आहे. ‘मुद्रांकित’ हा संस्कृत शब्द हाताशी आहे खरा; परंतु त्याला कचेरीतील दस्तऐवजांचा वास येतो. ‘ठसा’ म्हटले की दाब आणि ओलेपणा या दोहोंचा बोध होतो, आणि या कामाचे सारे मर्म त्या दोहोंतच आहे.

ठशाचा सगळा अलंकार काँक्रीटच्या वरच्या काही मिलिमीटरांत सामावलेला असतो. रंग तेथेच, पोतही तेथेच. थंड प्रदेशातील गोठणीचा मारा नेमका त्याच मिलिमीटरांवर होतो. साध्या पदपथाचे पापुद्रे निघाले तर तो खडबडीत होतो, पण त्याचा उपयोग संपत नाही. ठशाच्या काँक्रीटचे पापुद्रे निघाले म्हणजे आतील करडे काँक्रीट उघडे पडते आणि दगडाचा आभास तत्क्षणी नाहीसा होतो. त्यावर केलेले ठिगळ मूळ रंगाशी व पोताशी सहसा जुळत नाही. घरमालकाने केलेला मोठा खर्च अशा रीतीने एकदोन हिवाळ्यांत वाया जाऊ शकतो, आणि मग संपूर्ण थर फोडून काढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या कलेचा उगम थंड प्रदेशात झालेला नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात ब्रॅड बोमन या ठेकेदाराने ही पद्धत विकसित केली. तेथील किनारपट्टीवर पाणी गोठण्याचे प्रसंग विरळाच. आरंभीचे साचे धातूच्या चौकटींचे असत व त्यांनी काँक्रीटवर केवळ सांध्यांच्या रेषा उमटत. पुढे पॉलियुरेथेनच्या लवचीक चटया आल्या आणि दगडाच्या पृष्ठभागाचे बारीकसारीक उंचसखलपणही उमटू लागले. नक्षी अशी सूक्ष्म होत असतानाच ही पद्धत उत्तरेकडे पसरत गेली. सौम्य हवेत जन्मलेले तंत्र कडक हवेत नेले म्हणजे त्यातील कोणते नियम सोयीपुरते होते व कोणते अटळ होते, हे उघड होते.

गोठणीने काँक्रीटचे नेमके काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. काँक्रीट वरून घन दिसले तरी अंतर्यामी ते सच्छिद्र असते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. छिद्रांचा बराचसा भाग रिकामा असेल तर ही वाढ सामावली जाते. परंतु छिद्रे नव्वद टक्क्यांच्या वर भरलेली असतील तर बर्फाला जागा उरत नाही. पोर्टलंड सिमेंट असोसिएशनचे संशोधक टी. सी. पॉवर्स यांनी १९४५ मध्ये असे प्रतिपादन केले की, वाढत्या बर्फामुळे उरलेले पाणी अरुंद छिद्रांतून ढकलले जाते आणि त्या दाबाने काँक्रीट फुटते. पुढे १९५३ मध्ये त्यांनीच हेल्मथ यांच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगांत, पाणी बर्फापासून दूर जाण्याऐवजी बर्फाकडे ओढले जाते, असे दिसून आले. स्वतःचा सिद्धान्त स्वतःच्याच प्रयोगाने दुरुस्त करण्याचे असे उदाहरण विज्ञानाच्या इतिहासातही नित्याचे नाही.

उपाय मात्र सिद्धान्ताच्या आधीच सापडला होता, आणि तोही योगायोगाने. १९३५ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातील काही काँक्रीट रस्ते इतरांपेक्षा हिवाळ्यात अधिक चांगले टिकतात, असे आढळून आले. त्यांच्यासाठी वापरलेले सिमेंट दळताना त्यात जनावरांची चरबी घातली गेली होती. तिने दळण सुलभ होत असे. परंतु सिमेंटमधील अल्कलींशी संयोग होऊन तिचा एक प्रकारचा साबण बनला आणि मिश्रणात फेसाप्रमाणे अतिसूक्ष्म हवेचे बुडबुडे राहिले. हेच बुडबुडे बर्फाला व पाण्याला आश्रयस्थान ठरले. आज त्यासाठी स्वतंत्र द्रव्ये मिसळतात. मात्र हवा किती, याइतकेच ती कशी विखुरली आहे, हेही महत्त्वाचे असते. सिमेंटच्या कोणत्याही कणापासून जवळचा बुडबुडा सुमारे ०.२ मिलिमीटरच्या आत असावा, असा दंडक आहे. पदपथ, ओटे, पायऱ्या अशा, गोठण व मीठ या दोहोंना तोंड देणाऱ्या कामांसाठी कॅनडाचे मानक ५ ते ८ टक्के हवा, ३२ मेगापास्कल दाबसहता आणि सिमेंटच्या तुलनेत ०.४५ पेक्षा अधिक नसलेले पाणी, असे प्रमाण ठरवून देते.

येथपर्यंतचे ज्ञान कोणत्याही काँक्रीटला लागू आहे. ठशाच्या कामाची खरी अडचण याच्या पुढे सुरू होते. कारण ठसा सुबक उमटावा म्हणून कारागिराला जे जे करावेसे वाटते, ते ते बहुधा गोठणीला आमंत्रण देणारे असते. त्याला मिश्रण मऊ हवे असते, म्हणून गाडीतून उतरत असलेल्या काँक्रीटमध्ये पाणी वाढविण्याचा मोह होतो. त्याने रंग फिका पडतो व छिद्रे वाढतात. (पाणी न वाढविता मिश्रण प्रवाही करणारी द्रव्ये आता मिळतात, आणि त्यांच्या खर्चात काटकसर करणे शहाणपणाचे नाही.) त्याला पृष्ठभाग गुळगुळीत हवा असतो, म्हणून तो पोलादी थापी लवकर फिरवितो. वर येऊ पाहणारे पाणी व हवा त्यामुळे पातळ कवचाखाली कोंडली जातात, आणि पहिल्याच हिवाळ्यात ते कवच सुटते. हवायुक्त काँक्रीटवर म्हणूनच मॅग्नेशिअमची किंवा लाकडी थापी वापरावयाची असते, आणि तीही वर आलेले पाणी उडून गेल्यावर.

रंगाच्या बाबतीत हा विरोध अधिकच तीव्र होतो. रंग देण्याच्या मुख्य रीती दोन. एकीत लोहाच्या ऑक्साइडचे रंगद्रव्य संपूर्ण मिश्रणात घालतात; दुसरीत सिमेंट, बारीक सिलिका वाळू व रंगद्रव्य यांची कोरडी पूड ओल्या पृष्ठभागावर हाताने फेकतात व थापीने जिरवितात. दुसऱ्या रीतीने रंग अधिक गडद येतो आणि वरचा सुमारे ३ मिलिमीटरांचा थर कठीण होतो. परंतु ही पूड भिजण्यास लागणारे पाणी खालून वर यावे लागते, आणि हवायुक्त काँक्रीटमधून ते फारच थोडे येते. पूड कोरडीच राहू लागली म्हणजे कारागीर कुंचल्याने तिच्यावर पाणी शिंपडतो. इंग्रजी भाषक गवंड्यांच्या बोलीत या शिंपडण्याला ‘ब्लेसिंग’, म्हणजे आशीर्वाद, असे म्हणतात. तीर्थ शिंपडण्याच्या क्रियेशी असलेले साम्य त्या बोलीने अचूक टिपले आहे. परिणाम मात्र आशीर्वादाच्या उलट होतो. वरच्या थरातील पाण्याचे प्रमाण एकाएकी वाढते, आणि ज्या थराने सर्वांत बळकट असावे तोच सर्वांत दुबळा होतो. ज्या प्रदेशात गोठणीची आवर्तने वारंवार होतात तेथे संपूर्ण मिश्रण रंगविण्याची रीत काहीशी निस्तेज दिसली तरी अधिक विश्वासाची ठरते.

यानंतर ठसा उमटविण्याची घटका येते. चटई चिकटू नये म्हणून पृष्ठभागावर रंगीत पूड किंवा द्रव पसरतात. त्याचा थोडा अंश खाचांत राहून दगडाला जुनेपणाची छटा देतो. बोट दाबले असता ठसा राहावा, पण लगदा बोटाला लागू नये, ही योग्य अवस्था होय. ती फार काळ टिकत नाही. म्हणून चटया एका सरळ रेषेपासून ओळीने मांडून, त्यांवर उभे राहून व धुमसासारख्या अवजाराने ठोकून काम भराभर पुढे न्यावे लागते. शरद ऋतूत येथे एक विशेष संकट उद्भवते. खालची जमीन थंड असल्याने तळचे काँक्रीट घट्ट होण्यास विलंब लागतो, तर कोरड्या वाऱ्याने व उन्हाने वर साय धरते. अशा सायीवर ठसा मारला की नक्षीच्या कडांना बारीक भेगा पडतात, आणि पुढे पाणी त्यांतूनच आत शिरते. घट्ट होण्याची क्रिया जलद व्हावी म्हणून साध्या काँक्रीटमध्ये कॅल्शिअम क्लोराइड घालण्याची प्रथा आहे. परंतु रंगीत काँक्रीटवर त्याने डाग पडतात, म्हणून क्लोराइडविरहित द्रव्ये अथवा गरम पाणी वापरावे लागते. ऊब राखण्यासाठी प्लॅस्टिक अंथरावे, तर जेथे त्याच्या सुरकुत्या टेकतात तेथे रंग बदलतो. गोठलेल्या जमिनीवर काँक्रीट ओतणे तर सर्वथा वर्ज्य आहे. जमीन विरघळून बसली की थरही खचतो.

जमिनीचा विषय थोडा विस्ताराने पाहणे इष्ट आहे. महाराष्ट्रातील वाचकाला जमीन फुगण्याचा अनुभव आहे, पण तो पावसाळ्यातील काळ्या मातीचा. थंड प्रदेशात जमीन हिवाळ्यात फुगते, आणि तिचे कारण निराळे आहे. मातीतील पाणी गोठून प्रसरण पावते म्हणून जमीन वर येते, अशी पूर्वी समजूत होती. स्टीफन टेबर या भूवैज्ञानिकाने १९३० च्या सुमारास ती खोडून काढली. त्याने पाण्याऐवजी बेन्झीनने भिजविलेली माती गोठविली. बेन्झीन गोठताना आकुंचन पावते. तरीही माती फुगली. यावरून असे सिद्ध झाले की, गोठणाऱ्या पातळीकडे खालचा द्रव सतत ओढला जातो व तेथे त्याचे घन थर वाढत जातात. बारीक गाळाच्या मातीत हे सर्वाधिक घडते. स्वच्छ खडीत जवळजवळ घडत नाही. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांप्रमाणे पाया दक्षिण भागात ४२ इंच व उत्तर भागात ६० इंच खोल न्यावा लागतो. अंगणातील १०० मिलिमीटर जाडीच्या थराला इतका खोल पाया देणे परवडणारे नाही. म्हणून त्याच्याखाली पाणी निथळून जाईल अशा खडीचा थर धुमसून घालतात, घरापासून दूर उतार देतात आणि घराच्या भिंतीलगत मोकळा सांधा ठेवतात. पाया जागचा हलत नाही व अंगण हलते. दोहोंना जखडून टाकले तर अंगणाचा थर फुटतो.

सांध्यांबाबत नक्षीकार व अभियंता यांचे क्वचितच एकमत होते. १०० मिलिमीटर जाडीच्या थराला सुमारे अडीच ते तीन मीटरांवर, जाडीच्या एक-चतुर्थांश खोलीची खाच हवी. नाहीतर थर स्वतःच्या मर्जीने तडकतो. सरळ खाच दगडांच्या आकृतीला आडवी छेदून जाते व डोळ्यांना खुपते. नक्षीतील सांध्याची रेषा व कापावयाची खाच एकत्र येतील अशी आखणी आधीच करणे हाच यातून मार्ग आहे. ती न केल्यास पुढे दिसणारी वेडीवाकडी भेग त्या खाचेहून कितीतरी अधिक खुपते.

काम संपले तरी पहिला हिवाळा उरतोच. नव्या काँक्रीटला गोठणीच्या आवर्तनांपूर्वी सुमारे २८ मेगापास्कल बळ यावे लागते व निदान महिनाभर वाळण्यास अवधी लागतो. ऑक्टोबरच्या अखेरीस केलेल्या कामाला हा अवधी मिळत नाही. त्यातच बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकले जाते. मीठ काँक्रीट ‘खाते’, असे सर्रास म्हटले जाते. अमोनिअमच्या क्षारांबाबत ते खरे आहे. साध्या मिठाने पापुद्रे सुटतात ते मुख्यतः भौतिक कारणाने. व्हर्बेक व क्लीगर यांनी १९५७ मध्ये दाखविले की, युरिया किंवा अल्कोहोल वापरले तरी पापुद्रे सुटतात, आणि सर्वाधिक हानी तीव्र द्रावणाने नव्हे, तर सुमारे ३ टक्क्यांच्या सौम्य द्रावणाने होते. व्हॅलेन्झा व शेरर यांनी २००६ मध्ये याचे स्पष्टीकरण दिले. तापमान उतरताना बर्फ काँक्रीटच्या सुमारे पाचपट आकसतो. शुद्ध पाण्याच्या बर्फाचा थर हा ताण सोसतो. किंचित खारट बर्फ दुबळा असल्याने तडकतो, आणि त्याची भेग खालच्या काँक्रीटमध्ये शिरून पातळ पापुद्रा उचलते. या क्रियेला त्यांनी दिलेले नाव काचेवरील एका सजावटीच्या प्रकारावरून घेतलेले आहे. त्यात काचेवर सरस लावून तो वाळू देतात. आकसणारा सरस काचेचे कपचे उपटतो व पृष्ठभागावर नक्षी उमटते.

पृष्ठभागावर लावण्याचे ॲक्रिलिक सीलर रंग खुलवितात, पण जाड थरात लावल्यास आतील ओल कोंडतात, पांढुरके पडतात व बर्फ पडल्यावर निसरडे होतात. सिलेन-सिलोक्सेन जातीची द्रव्ये छिद्रांत मुरून पाणी परतवितात आणि बाष्पाला वाट मोकळी ठेवतात. त्यांनी चकाकी मात्र येत नाही. ग्राहकाला सहसा चकाकीच हवी असते. ठेकेदाराने काम हाती घेतानाच त्याला ही निवड समजावून द्यावी, पुढील काही वर्षांनी पुन्हा लेप देण्याचा खर्च सांगावा, आणि पहिल्या हिवाळ्यात मिठाऐवजी वाळू टाकण्याची सूचना लेखी द्यावी. रस्त्यावरील मीठ मोटारीच्या चाकांबरोबर दारापर्यंत येते, म्हणून गॅरेजसमोरील पट्टा वितळत्या बर्फाचा गाळ साचू न देता वेळोवेळी झाडून काढावा लागतो. पापुद्रे सुटण्यास प्रारंभ होतो तो बहुधा याच पट्ट्यात, चाकांच्या दोन रेषांवर.