दशावताराचा पोशिंदा कोण?

पावसाळा सरला, भाताची कापणी होऊन खळीं रिकामीं झालीं, कीं कार्तिक महिन्यापासून आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यांत गांवोगांवच्या जत्रांना आरंभ होतो. मालवण, वेंगुर्लें, कुडाळ, सावंतवाडी या बाजूच्या विद्यार्थ्यास, मग तो कोणत्याही धर्माचा असो, जत्रेची रात्र ठाऊक नाहीं असें सहसा होणार नाहीं. देवळापुढें खाज्याचीं दुकानें लागतात, पालखीची प्रदक्षिणा आटोपते, मृदंगावर थाप पडते आणि दशावतारी नाटक उभें राहतें. तें पहांटेपर्यंत चालतें. आपण तें पाहतों, संकासुराच्या बोलण्याला हंसतों, झोंप अनावर झाली तर आईच्या मांडीवर डोकें ठेवितों आणि उजाडतां घरीं परततों. परंतु रात्रभर गाऊन, नाचून व बोलून आपणांस जागविणाऱ्या त्या नटाचें पोट कशावर चालतें, आणि त्याच्या पश्चात् हें नाटक करणारा कोणी आहे काय, याचा विचार आपण क्वचितच करितों. प्रस्तुत लेखांत तोच विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम या नाटकाची रचना थोडक्यांत पाहूं. मंडळीचा सर्व संसार पेटाऱ्यांत असतो. त्यांत मुखवटे, वस्त्रें, मुकुट व शस्त्रें भरलेलीं असतात. रंगभूमि म्हणजे देवळापुढील मोकळी जागा, मागें एक पडदा व पुढें एक बांक. तो बांकच प्रसंगानुसार सिंहासन होतो, पर्वत होतो, रथही होतो. आरंभींच्या भागास आडदशावतार म्हणतात. त्यांत गणपति, ऋद्धिसिद्धि व सरस्वती येऊन जातात. मग वेद पळविणारा संकासुर काळ्या वेषांत येतो, मालवणी बोलींत सर्वांस हंसवितो आणि अखेर विष्णूच्या हातून मारला जातो. त्यानंतर पुराणांतील एखादें आख्यान लागतें. पहांटे दहीकाला होऊन समाप्ति होते, म्हणून पुष्कळ ठिकाणीं या नाटकासच दहीकाला असें नांव पडलें आहे. स्त्रियांचीं सोंगें परंपरेनें पुरुषच घेतात. संवाद लिहिलेले नसतात. कथानक तेवढें ठरतें. बोलणें नटास जागच्या जागीं सुचावें लागतें, आणि त्याकरितां पुराणकथा त्याच्या जिभेवर असाव्या लागतात.

संगीताची बाजूही तितकीच अवघड आहे. साथीस पायपेटी, मृदंग किंवा पखवाज आणि झांज एवढींच वाद्यें. बैठकींतील गवई एक राग घेऊन तो सावकाश विस्तारीत नेतो. दशावतारी गायकास मात्र रागदारीच्या अथवा नाट्यसंगीताच्या चालीवरील एखाद्या पदानें क्षणांत करुण किंवा वीर रस उभा करून लगेच संवादास वाट करून द्यावी लागते. हें सर्व उघड्या हवेंत, मुलांच्या रडण्यांत व दुकानांच्या गोंगाटांत. अशी विद्या पुस्तकांतून येत नाहीं. लहानपणापासून मंडळीबरोबर हिंडून, झांज वाजवीत, ऐकत आणि चुकत ती अंगीं मुरते.

आतां पोशिंद्याचा प्रश्न. आपल्या देशांत कलावंतास आधार तीन ठिकाणांहून मिळत आला: राजाकडून, लोकांकडून आणि अलीकडे सरकारकडून. यांपैकीं राजाश्रय दिसावयास मोठा, परंतु तो एका माणसाच्या आयुष्यावर टांगलेला असतो. सांगलीचे अधिपति चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं १८४३ सालीं ‘सीतास्वयंवर’ नाटक केलें, हा मराठी रंगभूमीचा आरंभ समजतात. १८५१ सालीं चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय संपला. भाव्यांना मंडळी घेऊन गांवोगांव फिरावें लागलें, आणि १८५३ सालीं मुंबईस तिकीट लावून खेळ करावे लागले. कोल्हापुरासही तसेंच घडलें. शाहू महाराजांनीं उस्ताद अल्लादिया खां यांस १८९५ सालीं दरबारीं गायक नेमिलें. १९२२ सालीं महाराज वारले आणि खांसाहेब मुंबईस गेले. शेजारच्या गोमंतकांत जन्मलेल्या केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर या दोघींना खांसाहेबांची तालीम मिळाली आणि त्यांची गायकी पुढें टिकली, हें आपलें भाग्य. संस्थान गेल्यावरही ती विद्या जगली, कारण ती शिष्यांच्या गळ्यांत उतरली होती.

दशावतारास जगविलें तें मुख्यतः लोकाश्रयानें. अमुक देवळाच्या जत्रेस अमुक मंडळीनें खेळावें असा मान पुष्कळ ठिकाणीं पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. बहुतेक जत्रांची तिथि ठरलेली असते, त्यामुळें कोणत्या रात्रीं कोणत्या गांवीं उभें राहावयाचें हें मंडळीस आधींच कळतें. पार्सेकर, वालावलकर, मोचेमाडकर, आजगांवकर, चेंदवणकर या मंडळ्यांचीं नांवें आपल्याकडील शेंबड्या पोरासही ठाऊक असतात. गांव वर्गणी काढतो, मंडळीस बिदागी देतो, जेवण घालतो. प्रत्येकाचा हात थोडा लागतो, म्हणून कोणा एकाच्या जाण्यानें नाटक बंद पडत नाहीं. तथापि ही मिळकत हंगामापुरती असते. पाऊस सुरू झाला कीं राजाचें सोंग घेणारा नट शेतांत नांगर धरितो किंवा दुसरें कांहीं काम पाहतो.

या आश्रयाचें मोल कळावयास एक मोठें संकट यावें लागलें. २०२० सालच्या मार्च महिन्यांत करोनाच्या सांथीमुळें टाळेबंदी झाली. जत्रांचा हंगाम अजून उरकावयाचा होता. देवळांचे दरवाजे लागले तेव्हां मंडळ्यांचे पेटारेही मिटले. देवळें १६ नोव्हेंबर २०२० रोजीं उघडलीं, परंतु पुढील वर्षीं तीं पुन्हां बंद झालीं आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजीं उघडलीं. पगारी नोकरास महिनाअखेर कांहीं तरी हातीं येतें. ज्याची मिळकत रात्रीच्या खेळावर, त्याची रात्र गेली म्हणजे घांसही गेला. जी साखळी आपणांस पुरातन व अभंग वाटत होती, तिची एक एक कडी किती नाजूक आहे हें त्या दोन वर्षांत उमजलें.

तिसरा आधार सरकारचा. दिल्लीची संगीत नाटक अकादमी कलावंतांचा गौरव करीत आली आहे. महाराष्ट्र शासन वृद्ध साहित्यिक व कलावंतांना दरमहा मानधन देतें. आपल्या कुडाळजवळील पिंगुळी गांवचे परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली. तेथील ठाकर समाजाची चित्रकथी कला आपण पाहिली असेल: कथेंतील प्रसंगांच्या चित्रांची पोथी समोर धरावयाची, एकामागून एक चित्र दाखवीत रामायण-महाभारतांतील कथा गाऊन सांगावयाची. त्याच समाजांत कळसूत्री बाहुल्यांचा व चामड्याच्या बाहुल्यांचा खेळही आहे. गंगावणे यांनीं आपल्या गुरांच्या गोठ्यांत या कलांचें संग्रहालय थाटलें आणि घरच्या मुलांस ही विद्या दिली. पदक मिळालें तें उत्तमच. परंतु पदक येण्यापूर्वीं कित्येक वर्षें शिकविण्याचें काम चाललें होतें, हें विसरतां कामा नये.

येथें या विषयाचें मर्म आहे. वृद्ध कलावंतास साहाय्य करणें हें आपलें कर्तव्यच. पण तेवढ्यानें कला राहत नाहीं. ती राहते ती शिष्यामुळें. जपानानें १९५० सालीं एक कायदा करून जुन्या इमारतींप्रमाणें कलावंताच्या अंगच्या विद्येसही राष्ट्राची ठेव मानिलें. तेथें अशा श्रेष्ठ कलावंतास सरकार दरसाल जी रक्कम देतें, ती विद्या वाढवावी व शिष्य तयार करावे या हेतूनें देतें. आपल्याकडे पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांनीं हेंच ओळखिलें होतें. १९०१ सालीं त्यांनीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढिलें आणि दरबारांत व ठराविक घराण्यांत असलेलें गाणें सामान्य गृहस्थाच्या मुलांपुढें ठेविलें. आज जीं मुलें गावयाची किंवा तबल्याची परीक्षा देतात, त्यांच्यामागें त्या एका निश्चयाची पुण्याई आहे.

ख्रिस्ती समाजाचाही एक दाखला ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तेथें गांवच्या मुलांस स्वरलिपि वाचणें, गाणें व व्हायोलिन शिकवीत. हेतु इतकाच कीं रविवारीं उपासनेस गाणारे मिळावे. पण त्या शिक्षणांतून तयार झालेले वादक पुढें मुंबईस गेले आणि हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनीं नांव मिळविलें. माजोर्डें गांवीं १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. लहान गांवच्या लहान शाळेनें नियमानें दिलेला एक तास किती दूरवर जातो, तें यावरून दिसेल.

मग आपण काय करावें? विद्यार्थीमित्रांनो, यंदाच्या जत्रेस जाल तेव्हां संकासुर गेल्याबरोबर उठूं नका; आख्यान शेवटपर्यंत ऐका. कोणतें पद कोणत्या प्रसंगीं म्हटलें, मृदंगाचा ठेका केव्हां बदलला, हें टिपून ठेवा. गांवांत एखादे वृद्ध दशावतारी आजोबा असतील, तर त्यांच्या अनुमतीनें त्यांच्या तोंडचीं आख्यानें उतरून घ्या, आणि मानधनाचा अर्ज भरावयाचा असेल तर त्यांना मदत करा; लिहिण्यावाचण्याचा उपयोग याहून चांगला कोणता? पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें मृदंग किंवा पेटी हातीं घेतली तर अभ्यास बुडाला असें समजून त्याच्या हातून ती काढून घेऊं नये, आणि गांवच्या वर्गणींत नाटकाचा वांटा अखेरचा धरूं नये. विद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत एक रात्र जवळच्या मंडळीस योग्य बिदागी देऊन बोलाविलें, तर मुलांना विद्या दिसेल आणि मंडळीस मुलें दिसतील.

दशावताराचा पोशिंदा कोण, याचें उत्तर दूर शोधावयास नको. देवळापुढें चटई टाकून बसणारे आपण सर्वच त्याचे पोशिंदे आहों. पहांटे दहीकाल्याचा प्रसाद हातावर घेतांना एवढें मनांत आणावें, म्हणजे पुढच्या कार्तिकांतही पेटारा उघडण्यास कोणी तरी हजर असेल.