ई-२० पेट्रोल : गॅरेजमधल्या गप्पा आणि वस्तुस्थिती

स्कूटरचं ॲव्हरेज घटलं, सकाळी गाडी उशिरा सुरू झाली, इंधन-पंपाजवळ गळती लागली. पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजात सध्या या सगळ्याचं खापर ई-२० पेट्रोलमध्ये मिसळलेल्या वीस टक्के इथेनॉलवर फुटतं. त्यातल्या काही तक्रारींत तथ्य आहे, काहींत अजिबात नाही. हा फरक बराचसा तुमची गाडी कोणत्या सालची आहे, यावर ठरतो.

गैरसमज : हा नवा, घाईचा प्रयोग आहे.
वस्तुस्थिती : पेट्रोलमध्ये अल्कोहोल, म्हणजेच इथेनॉल, मिसळण्याचा कायदा आपल्याकडे १९४८ सालीच झाला होता. २००१ मध्ये देशात प्रायोगिक मिश्रण सुरू झालं, तेव्हाची दोन ठिकाणं महाराष्ट्रातली होती : मिरज आणि मनमाड. पुण्यात तर ५ जून २०२१ रोजी तीन पंपांवर ई-१०० म्हणजे जवळपास निव्वळ इथेनॉलच्या इंधनाची प्रायोगिक विक्री सुरू झाली. घाई झाली ती उद्दिष्टाच्या तारखेत. वीस टक्के मिश्रणाची मुदत २०३० होती, ती २०२५ वर आणली गेली. त्यामुळे ई-१०साठी, म्हणजे दहा टक्के मिश्रणासाठी बनलेल्या असंख्य गाड्या रस्त्यावर असतानाच टाकीत ई-२० येऊ लागलं.

गैरसमज : ॲव्हरेज निम्म्यावर येतं.
वस्तुस्थिती : एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, तर इथेनॉलमध्ये २१. म्हणजे इथेनॉलची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्याने कमी. मिश्रणात ते २० टक्केच असल्याने एकूण घट सहा-सात टक्के भरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालाचा अंदाजही याच्याशी जुळतो. शुद्ध पेट्रोलसाठी घडवलेल्या आणि ई-१०ला जुळवलेल्या चारचाकींत सहा ते सात टक्के घट, तशाच दुचाकींत तीन ते चार टक्के, आणि ई-१०साठी बनवून ई-२०ला जुळवलेल्या चारचाकींत एक-दोन टक्के. पन्नासचं ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरला दीड-दोन किलोमीटरचा फटका बसेल. पंचवीसवर आली असेल, तर दोष दुसरीकडे शोधा.

गैरसमज : ऑक्टेन जास्त, म्हणून गाडी आपोआप जोरात पळणार.
वस्तुस्थिती : इथेनॉलचा ऑक्टेन १०८च्या आसपास असतो आणि ई-२०चा ९५ पर्यंत जातो. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता. तिचा लाभ जास्त कॉम्प्रेशनच्या किंवा त्यानुसार ठिणगीची वेळ बदलणाऱ्या इंजिनालाच होतो. याच कारणाने वेगळी ‘ऑक्टेन बूस्टर’ची बाटली टाकीत ओतून सामान्य स्कूटरला काही मिळत नाही. इंजेक्टरवरचा थर काढणारी रसायनं उपयोगी असतात, पण तीही इंधनातली ऊर्जा वाढवत नाहीत.

गैरसमज : इथेनॉल इंजिन खाऊन टाकतं.
वस्तुस्थिती : पुण्यात वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेसह डेहराडूनची पेट्रोलियम संस्था (आयआयपी) आणि इंडियन ऑइलचा संशोधन विभाग यांनी यावर चाचण्या केल्या. इंजिनाचे धातूचे भाग त्यात तगले. प्रश्न रबरी नळ्या, सील आणि गॅस्केटचा आहे. जुन्या गाड्यांत ते फुगू किंवा चिरू शकतात, म्हणून वेळेत बदलावे लागतात.
कार्बोरेटरच्या गाडीची अडचण आणखी वेगळी. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा कमी लागते. बीएस-६ या प्रदूषण-मानकाच्या गाडीतला ऑक्सिजन सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्बोरेटरच्या जेटचं छिद्र ठरलेलं असतं. त्यामुळे मिश्रण पातळ होतं, गाडी अडखळते, इंजिन जास्त तापतं.

गैरसमज : पावसाळ्यात टाकीत आपोआप पाणी होतं.
वस्तुस्थिती : इथेनॉल हवेतली ओल शोषतं हे खरं, पण थोडं पाणी मिश्रणात विरघळून राहतं आणि जळून जातं. मर्यादा ओलांडली, की पाणी व अल्कोहोलचा थर वेगळा होऊन तळाशी बसतो, आणि इंजिन नेमकं तेच ओढतं. रोजच्या वापरातल्या गाडीला हा धोका नगण्य. महिनोन्महिने उभ्या असलेल्या, अर्धवट टाकीच्या गाडीला तो खरा आहे.

गैरसमज : उसाचं इंधन म्हणजे प्रदूषण शून्य.
वस्तुस्थिती : रेणूतल्या ऑक्सिजनमुळे ज्वलन अधिक पूर्ण होतं. नीती आयोगाच्या अहवालानुसार ई-२०मुळे कार्बन मोनॉक्साइड दुचाकींत ५० आणि चारचाकींत ३० टक्क्यांपर्यंत घटतो. नायट्रोजनच्या ऑक्साइडांत मात्र ठरावीक घट दिसत नाही आणि ॲसिटाल्डिहाइड वाढतं. शिवाय उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे शेतापासून मोजलं तर सुमारे २,८६० लिटर पाणी लागतं, असंही तोच अहवाल सांगतो. आता मका आणि तांदळापासूनही मोठ्या प्रमाणावर इथेनॉल बनतं. तिथे पाण्याच्या जोडीला धान्याचा प्रश्न उभा राहतो.

मग करायचं काय?
सरकारी आराखड्यानुसार एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांचे सुटे भाग ई-२०ला टिकणारे आणि एप्रिल २०२५ पासूनची इंजिनं ई-२०ला जुळवलेली असायला हवीत. त्याआधीची गाडी असेल, तर माहितीपुस्तिका पाहा आणि सर्व्हिसिंगला इंधनाच्या नळ्या आवर्जून तपासून घ्या. ब्राझीलमध्ये २००३ पासून दोन्ही इंधनांवर चालणाऱ्या फ्लेक्स-फ्युएल गाड्या आल्या, तेव्हापासून ग्राहक दर पाहून पेट्रोल की इथेनॉल हे पंपावर ठरवतो. आपल्याकडे परिणाम गाडीगणिक बदलत असताना निवड मात्र जवळपास नाही. निदान पंपावरच्या कोणत्या नळीतून किती टक्के इथेनॉल येतं, हे ठळक अक्षरांत लिहिलेलं असणं हा पुण्यातल्या पंधरा वर्षं जुन्या स्कूटरवाल्याचाही हक्क आहे.