अँजिओग्राफी : एकच फोटो का पुरत नाही?

सोलापुरात अँजिओग्राफी करून आलेले एक काका परवा दवाखान्यात म्हणाले, "डॉक्टर, मशीन छातीभोवती सारखं फिरवत होते. पहिला फोटो बिघडला होता का?"

तसे नव्हते. हृदयाच्या रक्तवाहिन्या साध्या एक्स-रेत दिसत नाहीत. म्हणून मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी नेऊन त्यांत आयोडिनयुक्त औषध सोडतात आणि हलते चित्र घेतात. १९५८ साली अमेरिकेत क्लीव्हलँड येथे डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून ही सुरुवात झाली, तीही अनवधानाने!

पण हे चित्र म्हणजे सावलीच. भाकरी समोरून गोल दिसते, कडेने नुसती रेघ. तसाच अडथळा एका बाजूने किरकोळ, तर दुसऱ्या बाजूने गंभीर दिसतो. म्हणून वेगवेगळे कोन घ्यावे लागतात. गोळ्या, स्टेंट की बायपास, हे ठरवताना ही चित्रेच मुख्य आधार असतात.

सांगतील तेव्हा श्वास रोखा, हलू नका. चित्र पुसट आले तर पुन्हा औषध, पुन्हा किरण. मूत्रपिंडाचा विकार किंवा अ‍ॅलर्जी असल्यास आधीच सांगा. आणि सीडी जपून ठेवा. नुसता कागदी रिपोर्ट पाहून दुसऱ्या डॉक्टरांना सल्ला देणे अवघड जाते.