आवाज येतो, शब्द येत नाही

१९६७च्या डिसेंबरात ब्रिटनच्या मजूर पक्षाचे खासदार जॅक अ‍ॅश्ले यांच्या कानावर एक किरकोळ समजली जाणारी शस्त्रक्रिया झाली. पुढे गुंतागुंत वाढली आणि त्यांना ऐकू येणं पूर्ण थांबलं. वय ४५, संसदेत येऊन दोन वर्षंही झाली नव्हती. राजीनामा द्यायचं मनात होतं, पण सहकाऱ्यांनी धरून ठेवलं. अ‍ॅश्ले ओठ वाचायला शिकले आणि पुढची जवळपास पंचवीस वर्षं कानावर काही न पडता त्यांनी अपंगांच्या हक्कांसाठी संसद गाजवली. १९९३ साली, वयाच्या सत्तरीत, त्यांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं गेलं आणि पत्नीचा आवाज पुन्हा कानावर पडला.

अमेरिकेतले रेडिओ निवेदक रश लिंबॉ यांचं ऐकणं २००१ साली काही महिन्यांत गेलं. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्यांना इम्प्लांट बसलं आणि त्यांचा कार्यक्रम चालू राहिला.

चारचौघांच्या भाषेत दोघंही ठार बहिरे. इम्प्लांटचा निर्णय घेणाऱ्या पथकासमोर मात्र ही दोन फार वेगळी प्रकरणं आहेत. एकाच्या मेंदूला आवाज सुटून पाव शतक लोटलं होतं, दुसऱ्याला काही महिने. ‘किती ऐकू येत नाही’ एवढ्याच प्रश्नावर मोठ्या माणसाचं मूल्यमापन संपत नाही, ते यामुळेच. ‘काय ऐकू येतं, त्यातलं किती कळतं, कोणत्या कानाला आणि कधीपासून’ हे सगळं एकत्र मांडलं, की त्या माणसाच्या श्रवणाचं खरं चित्र उभं राहतं.

या चित्राचा पहिला कागद म्हणजे ऑडिओग्राम. आवाजबंद खोलीत कानावर हेडफोन लावून बारीक ‘पीं’ ऐकू आला की बटण दाबायचं, ही तपासणी बऱ्याच जणांनी केलेली असते. कागदावर डावीकडून उजवीकडे २५० ते ८००० हर्ट्झ, म्हणजे खर्जाकडून टिपेकडे. वरून खाली डेसिबल. उजवा कान लाल गोलांनी दाखवतात, डावा निळ्या फुल्यांनी. रेषा जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. साधं बोलणं ६० डेसिबलच्या आसपास असतं. ज्याची रेषा ९०च्या खाली आहे त्याला यंत्राशिवाय शेजारचा माणूस बोलतोय हे ऐकून समजणार नाही.

पण रेषेच्या खोलीइतकाच तिचा आकारही बोलका असतो. काहींची रेषा डाव्या कोपऱ्यात दोन-तीन ठिपक्यांतच संपते: खर्जातला ढोल तेवढा जाणवतो, बाकी शांतता. काहींची रेषा खर्जात जवळपास ठीक असते आणि १००० हर्ट्झच्या पुढे कड्यावरून कोसळावी तशी खाली जाते. मराठी बोलताना स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. स, श, च, ख, थ यांसारखी व्यंजनं वरच्या पट्टीत सूक्ष्म खूण सोडून जातात. कडा कोसळलेल्या कानाला त्यामुळे वाक्याचा हेल मिळतो, शब्द मिळत नाहीत. भाजीवाल्याने सात म्हटलं की साठ, हे कळत नाही. ‘मला ऐकू येतं हो, पण कळत नाही,’ असं ही माणसं सांगतात आणि घरचे म्हणतात, ‘हवं तेव्हा बरोबर ऐकू येतं!’ हा आरोप फार अन्यायाचा आहे. त्या माणसाचं म्हणणं ऑडिओग्रामवर जसंच्या तसं उमटलेलं असतं.

असं का होतं? आतल्या कानात शंखासारखी अडीच वेढ्यांची कॉक्लिआ असते. तिच्यात साधारण पंधरा हजार केसपेशी हार्मोनियमच्या पट्ट्यांसारख्या क्रमाने लागलेल्या असतात: बाहेरच्या वेढ्यात टीप, शंखाच्या टोकाशी खर्ज. क्षयावर वर्षानुवर्षं दिली गेलेली स्ट्रेप्टोमायसिन, कॅनामायसिनसारखी इंजेक्शनं या पेशी मारतात आणि सुरुवात बहुधा टिपेकडून होते. यंत्रमागाच्या खडखडाटात आयुष्य काढलेल्या विणकराच्या ऑडिओग्रामवर ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. शिवाय आनुवंशिकता, मेंदूज्वर, वाढतं वय आणि एका रात्रीत अचानक येणारा बहिरेपणा. मेलेली केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं खरं, पण तो झेलायला पेशीच नसतील तर मोठा झालेला आवाज नुसता फुटतो.

‘कानाची नस सुकली, आता इलाज नाही’ हे वाक्य ऐकून कितीतरी घरांनी आजवर हात टेकले आहेत. प्रत्यक्षात बहुतेकांच्या बाबतीत केसपेशी गेलेल्या असतात आणि त्यांच्यामागचे मज्जातंतू बऱ्यापैकी शाबूत असतात. इम्प्लांट चालतं ते याच जोरावर. कानामागचा प्रोसेसर आवाज पकडतो, त्वचेखालच्या यंत्राकडे पाठवतो आणि कॉक्लिआत सरकवलेले १२ ते २२ इलेक्ट्रोड केसपेशींना वगळून थेट मज्जातंतूंना विजेचे संदेश देतात.

मूल्यमापनातला सर्वांत निर्णायक भाग ऑडिओग्रामनंतर येतो. आधी रुग्णाचं श्रवणयंत्र त्याच्या कानाला नीट जुळवलंय का, हे कानाच्या पोकळीत बारीक मायक्रोफोन घालून तपासतात. ही पायरी गाळू नये. यंत्रच कमी ताकदीचं निघालं, तर ते बदलून काम भागू शकतं आणि शस्त्रक्रियेचा विषय तिथेच थांबतो. यंत्र ठीक असेल, तर ते लावून शब्द आणि वाक्यं ऐकवतात, आधी शांततेत, मग गोंगाटात. अमेरिकेत एकेका शब्दासाठी ‘सीएनसी’ आणि वाक्यांसाठी ‘एझेडबायो’ या चाचण्या वापरतात. आवाज साध्या बोलण्याइतका, ६० डेसिबलचा. रुग्णाने जेवढं बरोबर परत म्हटलं, तेवढे टक्के.

आवाज ध्वनिमुद्रित असतो, बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. बरीच वर्षं कमी ऐकू येणारी माणसं नकळत ओठ वाचू लागतात आणि त्यामुळे घरात त्यांचं बरं चाललंय असं वाटत राहतं. ओठांचीही मर्यादा आहे: ‘पान’, ‘भान’ आणि ‘मान’ म्हणताना ओठ सारखेच मिटतात. दोन माणसांच्या ऑडिओग्रामची रेषा एकावर एक ठेवता येईल इतकी सारखी असली, तरी शब्दांच्या चाचणीत एकाला निम्म्याहून जास्त शब्द कळतात आणि दुसऱ्याला जवळपास एकही नाही, असं होऊ शकतं. इम्प्लांटची गरज कोणाला, हे या दुसऱ्या आकड्यावरून कळतं.

शब्दांची यादी रुग्णाच्या भाषेतली हवी, हे वेगळं सांगायला नको खरं तर. सिंधुदुर्गातल्या आजींना हिंदी शब्द ऐकवून आलेले टक्के त्यांच्या कानाचे नसतात, भाषेच्या सवयीचे असतात. चाचणी कोणत्या भाषेत होणार आहे, हे नातेवाइकांनी आधीच विचारावं.

गेल्या चाळीस वर्षांत पात्रतेची रेघ सतत सरकत आली आहे. १९८४-८५ साली अमेरिकेत मोठ्या माणसांसाठी पहिल्या इम्प्लांटना मान्यता मिळाली, तेव्हा यंत्राचा काहीच उपयोग न होणाऱ्या पूर्ण बहिऱ्यांचाच विचार होई. २०१४ साली खर्ज शाबूत असलेल्यांसाठी एकाच कानात श्रवणयंत्र आणि इम्प्लांट यांचा मेळ घालणारं उपकरण मान्य झालं. २०१९ साली एकच कान गेलेल्यांनाही दार उघडलं. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी ९० डेसिबलची अट ८०वर आली. अमेरिकेच्या मेडिकेअर विम्यात यंत्र लावून वाक्यं ४० टक्के किंवा त्याहून कमी कळायला हवीत असा नियम होता. २०२२ साली तो ६० टक्क्यांवर नेला गेला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी ‘अजून बरंच ऐकू येतंय’ म्हणून परत पाठवलेला माणूस आजच्या निकषांत बसू शकतो, पण ही बातमी त्याच्यापर्यंत पोचवायला कोणी जात नाही.

कोणाला तपासणीसाठी पाठवावं, यासाठी २०२० साली अमेरिकी संशोधकांनी एक सोपी खूण सुचवली: चांगल्या कानाची सरासरी ६० डेसिबल किंवा त्याहून वाईट, आणि त्या कानाला यंत्राविना कळणारे शब्द ६० टक्के किंवा त्याहून कमी. दोन्ही जुळलं की पुढच्या मूल्यमापनाला पाठवायचं. कमी ऐकू येणाऱ्या माणसांवर नेहमी उपचार करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला हे लक्षात ठेवता येईल.

त्यानंतर सीटी आणि एमआरआय. मेंदूज्वरानंतर कॉक्लिआत हाड भरायला काही आठवड्यांतही सुरुवात होऊ शकते. मग इलेक्ट्रोड आत सरकवायला वाटच राहत नाही, म्हणून अशा रुग्णाला ‘सहा महिने बघू’ म्हणणं परवडत नाही. वयाला मात्र वरची मर्यादा नाही. प्रकृती धडधाकट असेल तर ऐंशी ओलांडलेल्यांवरही ही शस्त्रक्रिया होते.

जन्मापासून न ऐकलेला आणि भाषा कानाने न शिकलेला प्रौढ मात्र वेगळा. त्याचा ऑडिओग्राम अ‍ॅश्ले यांच्यासारखाच दिसेल, पण मेंदूने बोलण्याचे आवाज कधी साठवलेलेच नाहीत. इम्प्लांटनंतर त्याला हॉर्न, दाराची घंटा कळू शकते. नुसत्या कानाने संभाषण बहुधा कळत नाही. सांकेतिक भाषेत भरलं आयुष्य जगणाऱ्या माणसाला हे आधी स्पष्ट सांगणं, हा मूल्यमापनाचाच भाग आहे.

आपल्याकडची मोठी अडचण पैशाची. केंद्राच्या ‘एडिप’ योजनेतून इम्प्लांट मिळतात आणि तिचं समन्वयाचं काम मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेकडे आहे, पण तो लाभ मुलांसाठी आहे. नोकरीच्या वयात बहिरा झालेला कंडक्टर किंवा शिक्षिका काही लाखांचा खर्च बहुधा स्वतःच्या खिशातून करते. पुढे बॅटऱ्या, केबल, प्रोसेसरची दुरुस्ती वेगळीच. मुलांना प्राधान्य मिळालं हे योग्यच झालं. मोठ्यांना यादीतच जागा नसणं योग्य नाही.

शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र चालू करतात. पहिले आवाज अनेकांना यंत्रमानवाचे, चिरके वाटतात. मेंदू त्यांचा महिन्यामहिन्याने अर्थ लावतो. संगीत त्यातल्या त्यात अवघड: पंधरा हजार पेशींचं काम दोन डझनांहून कमी इलेक्ट्रोडवर आलेलं असतं. रोज सराव लागतो. घरच्या कोणी पुस्तक मोठ्याने वाचायचं आणि रुग्णाने पानावर बोट ठेवून ऐकायचं, हा त्यातला साधा आणि चांगला प्रकार.

पहिल्या भेटीला जाताना जुने ऑडिओग्राम, जितके सापडतील तितके, बरोबर न्यावेत. कपाटातल्या फायलीत पिवळा पडलेला पंधरा वर्षांपूर्वीचा कागदही उपयोगी पडतो. कोणता कान आधी गेला, कोणता अलीकडे, कोणत्या कानाला यंत्राची सवय राहिली, हे त्यावरून कळतं आणि इम्प्लांट कोणत्या बाजूला बसवायचं हे ठरवताना ऑडिओलॉजिस्टला हीच माहिती हवी असते.