जिप्सी साठला का हलते

सेलूहून हिंगणीमार्गे बोरधरणाकडे पहाटे ज्या उघड्या जिप्सी निघतात, त्यांचा दिवस फार संथ जातो. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या मातीच्या वाटांवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगायचं, ठसा दिसला की थांबायचं, इंजिन बंद करून कान द्यायचा. या वेगात गाडीचं पुढचं अंग सैल पडत चाललंय हे ना ड्रायव्हरला कळतं, ना मागे बसलेल्या पाहुण्यांना. कळतं ते टायर बदलायला वर्ध्याला निघाल्यावर. नागपूर–तुळजापूर महामार्गावर काटा पंचावन्नच्या पुढे सरकतो, पुलाच्या जोडावर एक हिसका बसतो आणि स्टेअरिंग हातातच डावी-उजवीकडे आपटायला लागतं. घट्ट धरून ते थांबत नाही. गाडी पंचवीस-तीसवर आणली, की मात्र काही झालंच नाही अशी चालते.

गॅरेजमध्ये मग ठरलेला संवाद होतो. “भाऊ, कोणत्या स्पीडले हलते?” “साठले. अन् एकदा हलली का मंग थांबतच नाही.” यातलं दुसरं वाक्य मिस्त्रीच्या जास्त कामाचं असतं. फक्त साठ ते सत्तरमध्ये बारीक थरथर येऊन पुढे निघून जात असेल, तर दोष बहुधा चाकातच सापडतो: बॅलन्सिंग, वाकडी रिम, फुगलेला टायर. खड्ड्याने सुरू होऊन वेग उतरेपर्यंत न थांबणारा हलकल्लोळ मात्र वेगळा. त्याला हे लोक वॉबलिंग म्हणतात, आणि तो मुख्यतः पुढे अखंड अॅक्सल असलेल्या गाड्यांचा आजार आहे.

जिप्सी भारतात १९८५च्या डिसेंबरात आली आणि २०१९मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद झाली. तिच्या पुढच्या दोन्ही चाकांमध्ये एकच लोखंडी नळी आहे, ती पाट्यांवर टेकलेली. एसटीच्या गाड्या, कापूस वाहणारे ट्रक, जुन्या जीप यांचंही पुढचं अॅक्सल असंच एकसंध. मजबूत, दुरुस्तीला सोपं, पण त्यात एक खोड आहे. सायकलचं सुटं चाक आसाला दोन्ही हातांनी धरून जोरात फिरवा आणि आस एका बाजूला कलवा, चाक आपोआप वळायला बघतं. गाडीतही तेच होतं. डावं चाक उंचवट्यावर चढलं की अख्खं अॅक्सल कलतं, कललं की फिरती चाकं वळू पाहतात, आणि चाकं झटक्यात वळली की अॅक्सल पुन्हा कलतं. सांधे घट्ट असतील तर हा खेळ एका-दोन झोक्यांत विरतो. सैल असतील तर प्रत्येक झोका पुढच्याला बळ देतो. जिप्सीचं चाक साठच्या वेगाला सेकंदाला जवळजवळ आठ वेळा फिरतं, ट्रकचं मोठं चाक पाचच्या आसपास. या ठेक्याशी अॅक्सलची स्वतःची लय जुळली, की झालं.

हे दुखणं जुनं आहे. १९२०च्या दशकात मोटारींना कमी हवेचे फुगीर टायर आणि पुढच्या चाकांना ब्रेक आले, तेव्हा युरोप-अमेरिकेतल्या गाड्या अशाच थरकापू लागल्या. फ्रेंच इंजिनिअर ब्रुलिए यांनी १९२५मध्ये त्यावर निबंध लिहिला. रोल्स-रॉइस सोडून १९३०मध्ये जनरल मोटर्समध्ये गेलेले मॉरिस ऑली यांनी पुढची चाकं एकमेकांपासून सोडवण्याचा आग्रह धरला, आणि १९३४च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांना स्वतंत्र सस्पेन्शन मिळालं. कारवाल्यांचा प्रश्न तिथे बऱ्याच अंशी मिटला. ट्रक, बस आणि जंगलात जाणाऱ्या गाड्या अखंड अॅक्सलवरच राहिल्या, म्हणून हा आजार शोधण्याची विद्याही गॅरेजमध्येच टिकली.

या विद्येचं मर्म म्हणजे हलणं सुरू करणारा आणि ते चालू ठेवणारा, हे दोन वेगळे गुन्हेगार असतात. टायरचा असमतोल किंवा रस्त्यावरचा हिसका फक्त काडी लावतो. आग धरतात ते झिजलेले सांधे. म्हणूनच “आधी बॅलन्सिंग करून या” हा सल्ला मला आळशी वाटतो. काडी विझते, महिनाभर बरं वाटतं, एका बाजूने टायर झिजला की पहिले पाढे पंचावन्न. सांधे सैल असताना केलेलं अलाइनमेंट तर त्याहून फुकट. मशीन जो आकडा दाखवतं, तो गाडी त्या क्षणी जशी उभी आहे तेवढ्यापुरता. रॅम्पवरून उतरताना तो बदललेला असतो.

जाणता मिस्त्री जॅक लावायची घाई करत नाही. आधी टायरवर तळवा फिरवतो, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एकीकडे गुळगुळीत आणि दुसरीकडे करवतीसारखं लागलं तर टो-इन, म्हणजे चाकांचा पुढून आत झुकाव, बिघडलाय. तळव्याला जागोजागी खळगे लागले तर असमतोल, गेलेला शॉकअॅब्सॉर्बर किंवा ढिलं बेअरिंग. मग चाकं जमिनीवरच ठेवून तो खाली सरपटतो आणि वर बसलेल्याला स्टेअरिंग थोडं थोडं डावं-उजवं हलवायला लावतो. गाडीचं वजन चाकांवर असल्याशिवाय खरा भार येत नाही, आणि भाराशिवाय सांध्यातली ढील, म्हणजे प्ले, लपून राहतो. हा एकेका सांध्यावर बोटं ठेवत जातो: स्टेअरिंग बॉक्स, तिथून चाकाकडे जाणारी ड्रॅग लिंक, दोन्ही चाकं जोडणाऱ्या टाय रॉडचे दोन्ही एंड. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला दुसरा अर्ध्या क्षणाने हलला, की बोटाला टक लागते. डोळ्याला ती दिसत नाही. बॉक्स चेसिसला धरणारे बोल्ट, पाट्यांचे यू बोल्ट, शॅकलचे बुश हेही तेव्हाच तपासायचे. बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर नवे एंड टाकून उपयोग काय?

त्यानंतर अॅक्सल उचलून घोडीवर. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर ढकलायचं. हललं, तर साथीदाराला ब्रेक दाबून ठेवायला सांगायचं. ब्रेक दाबताच हलणं बंद झालं तर व्हील बेअरिंग सैल, तरीही चाललं तर चाक ज्यावर वळतं तो किंग पिन. एवढी साधी युक्ती, पण ती न करता अजून हजारो किलोमीटर चालतील अशी बेअरिंगं उगाच बदलली जातात.

जिप्सीचा किंग पिन मात्र या चाचणीलाही कधी कधी चकवतो. तिच्यात ट्रकसारखी बुशातली लांब पिन नाही. वर-खाली दोन छोट्या पिना आणि प्रत्येकीला टेपर बेअरिंग, बाहेरून धूळ रोखायला नमद्याची चकती. धूळ आणि नाल्यातलं पाणी ही चकती खातात, ग्रीसचा चिखल होतो. त्यातून ही बेअरिंगं कधी पूर्ण फिरत नाहीत. गाडी बहुतेक वेळ सरळच जाते, तेव्हा रोलर एकाच जागी ठोके खात राहतात आणि तिथे खाच पडते. टाय रॉड सोडवून चाक धरणारा नकल हाताने सावकाश वळवला, तर नेमक्या मध्यावर तो अडखळून खाचेत बसतो. तिथे बेअरिंग बदलायलाच हवं, शिमच्या पातळ पत्र्या काढून आवळणं ही फसवणूक. नवं बसवल्यावर टाय रॉडच्या भोकात साधा स्प्रिंगचा काटा अडकवून ओढायचा. चकतीशिवाय दीड किलोच्या आसपास ओढीला नकल वळू लागला, की ताण बरोबर.

ट्रक आणि एसटीच्या किंग पिनला वेगळीच काळजी लागते, आणि ती फुकटची आहे. ग्रीस मारताना अॅक्सल उचलायचं. भार असताना थ्रस्ट बेअरिंगच्या फटीत ग्रीस शिरत नाही, निपलमधून गेलेलं सगळं सोप्या वाटेने बाहेर येतं. ट्रॅक्टरवाल्यांना वॉबलिंगचा त्रास फारसा नाही, त्यांचा वेगच तेवढा नसतो. त्यांचं अॅक्सल मधल्या सेंटर पिनवर झोके खातं. ती पिन आणि तिचे बुश काळ्या मातीच्या चिखलात झिजतात, आणि हिशेब पुढच्या टायरच्या कडांवर उमटतो.

जिप्सीत अजून एक घोळ माणसाने केलेला असतो. मागे जादा सीट, वर दणकट पाइप, म्हणून पाट्यांत एखादं पान वाढवलं जातं किंवा गाडी उंच केली जाते. मग ड्रॅग लिंक तिरपी पडते. खड्ड्यात अॅक्सल वर येतं एका कमानीत, लिंकचं टोक फिरतं दुसऱ्या, आणि ड्रायव्हरने न वळवताही चाक थोडं वळतं. पाट्याखालची पाचर उलटी बसली तर कॅस्टर, म्हणजे किंग पिनचा मागे झुकाव, कमी होतो, स्टेअरिंग सरळ यायचं विसरतं. हे कुठल्याही नव्या सुट्या भागाने सुटत नाही. पाचर सुलटी करावी लागते, पान काढावं लागतं.

पावसाळ्यात सफारी बंद असते, तेव्हा गाड्या खोलायला सवड मिळते. याच वेळी बरेच मालक सोपा रस्ता विचारतात: स्टेअरिंग डॅम्पर नवा टाकून द्या. डॅम्पर थरथर दाबतो हे खरं, पण सैल एंड तसाच सैल राहतो, आता त्याचा आवाज येत नाही इतकंच. त्यामुळे चांगला मिस्त्री उलट करतो. सगळे सांधे आवळून झाले की डॅम्पर काढून, मोकळ्या रस्त्यावर, वेग पायरीपायरीने वाढवत गाडी फिरवून आणतो. त्याशिवाय ती सरळ चालली, तरच डॅम्पर परत लावतो.