वारली चौक आणि संग्रहालयाचा बदलता प्रेक्षक

संग्रहालयातील वस्तू 'कोणी, कशासाठी घडविली?' असा प्रश्न आजचा प्रेक्षक विचारतो. डहाणू-तलासरी परिसरातील वारली चित्रकलेच्या संदर्भात तो विशेष महत्त्वाचा ठरतो.

विवाहप्रसंगी सवाशिणी कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक 'लिहितात'. त्याच्या मध्यभागी पालघट देवी असते. धवलेरी विवाहगीते गाते. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही चित्रे कागदावर उतरली. जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे १९८९ मध्ये पॅरिस येथील प्रदर्शनात मांडली गेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री लाभली. परिणामी 'जमातीची कला' या मोघम ओळखीऐवजी चित्रकाराचे नाव पुढे आले. तथापि चौक लिहिणाऱ्या स्त्रिया अनामिकच राहिल्या आणि गीत चित्रापासून तुटले.

आता वारली पाड्यांवरील शिकलेली पिढीही प्रेक्षक म्हणून संग्रहालयात येऊ शकते. तिच्यासाठी चौक ही शोभेची वस्तू नव्हे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ मध्ये फिरते संग्रहालय सुरू करून प्रेक्षकाकडे जाण्याचा मार्ग दाखविला. त्यापुढील पायरी म्हणजे वारली बोलीतील फलक, धवलेरीच्या गीतांचे ध्वनिमुद्रण आणि मांडणीच्या निर्णयात समाजाचा सहभाग. अन्यथा चित्र जतन होईल, त्याचा अर्थ मात्र हरवेल.